मॅक्रो घ्यावी की पोर्ट्रेट? किट लेन्सनंतरची पहिली लेन्स निवडताना

कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स वर्ष-दीड वर्ष वापरली की दोन इच्छा एकदम डोकं वर काढतात. एखाद्याचा चेहरा असा टिपावा की मागचा सगळा पसारा विरघळून जावा आणि डोळ्यांवरच नजर खिळावी, ही एक. दुसरी म्हणजे पानावरच्या थेंबात, किड्याच्या पंखात, फुलाच्या परागकणांत शिरावं. पहिलीसाठी पोर्ट्रेट लेन्स लागते, दुसरीसाठी मॅक्रो. पैसे मात्र एकाच लेन्सपुरते असतात. मग कुणीतरी हमखास सांगतं, "मॅक्रो घे, तिच्यानं पोर्ट्रेटही होतात."

मलाही हेच सांगितलं गेलं आणि मी १०० मिमीची मॅक्रो घेतली (मिमीचा हा आकडा म्हणजे लेन्सची फोकल लेन्थ; तो जितका मोठा, तितका दृश्याचा कमी भाग चौकटीत मावतो). सल्ला खरा होता, पण अर्धाच. बाहेर भरपूर उजेडात तिच्यातून चेहरे सुंदर यायचे. पण मला मुख्यतः घरातली माणसं टिपायची होती, तीही दिवेलागणीच्या वेळी. तिथं भिंतीला पाठ टेकूनही दोघं जण एका चौकटीत मावत नव्हते, आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता; ती वाढवली की फोटो दाणेदार होतो) ६४०० च्या खाली येत नव्हता आणि लहान मूल हसून मोकळं होईपर्यंत लेन्स फोकस शोधत असायची. वर्षभरानं ८५ मिमी घेतली. आज दोन्ही लेन्स माझ्या पिशवीत असतात आणि दोन्ही तितक्याच लाडक्या आहेत. पण ते वर्ष टाळता आलं असतं. त्यासाठी लेन्सची परीक्षणं वाचण्याआधी घरबसल्या दोन-तीन मोजमापं करायला हवी होती, बस.

जवळ काय काय हवं

- तुमचा कॅमेरा आणि सध्याची किट लेन्स
- मिलिमीटरच्या रेघा असलेली साधी मोजपट्टी
- अंतर मोजायची टेप
- गेल्या सहा महिन्यांतले तुमचे फोटो, न आवडलेले आणि फसलेलेही
- कॅमेऱ्याचा सेन्सर (फोटो टिपणारी चिप) फुल फ्रेम म्हणजे मोठा आहे की क्रॉप म्हणजे त्याहून लहान, याची खात्री
- लेन्स सेकंडहँड घेणार असाल तर एक छोटी, प्रखर टॉर्च

## १. फसलेले फोटो आधी बघा

आवडलेले फोटो बाजूला ठेवा. नवी लेन्स कशासाठी हवी, हे फसलेल्या फोटोंतून कळतं. ते उघडा आणि दोन ढीग करा.

पहिल्या ढिगात असे फोटो टाका, जिथं तुम्हाला आणखी जवळ जायचं होतं आणि लेन्सनं फोकस करायला नकार दिला. फुलपाखरू चौकटीच्या मधोमध ठिपक्याएवढं आलं, नंतर कापून मोठं करताना सगळं फुटलं, असे. दुसऱ्या ढिगात चेहऱ्यामागची वायर, दार, कपाट नको इतकं स्पष्ट आलेले फोटो, आणि कमी उजेडामुळे हललेले किंवा दाणेदार झालेले चेहरे.

कुठला ढीग मोठा आहे, ते मोजा. इथं एक सापळा आहे. दुसऱ्यांनी काढलेले किड्यांच्या डोळ्यांचे फोटो बघून आपल्यालाही मॅक्रोची ओढ लागते, पण स्वतःच्या सहा महिन्यांच्या फोटोंत एकही किडा नसतो. ओढ खोटी असते असं मी म्हणत नाही. पण तुमच्याकडे पैसे एकाच लेन्सचे असतील तर जे रोज टिपता त्याला पहिला मान द्या.

## २. मोजपट्टीचा फोटो काढा

मोजपट्टी टेबलावर ठेवा. किट लेन्सच्या सगळ्यात लांबच्या टोकाला झूम करा आणि फोकस बसेल तितकं जवळ जाऊन मोजपट्टीचा आडवा फोटो काढा. आता चौकटीच्या रुंदीत किती मिलिमीटर मावले ते मोजा. सेन्सरच्या रुंदीला या आकड्यानं भागलं की मिळतं मॅग्निफिकेशन. फुल फ्रेम सेन्सरची रुंदी ३६ मिमी असते, बहुतेक क्रॉप सेन्सरची साडेतेवीसच्या आसपास आणि कॅननच्या क्रॉप सेन्सरची २२ मिमीहून थोडी जास्त.

समजा क्रॉप कॅमेऱ्यावर ७५ मिमी दिसले. २३.५ भागिले ७५, म्हणजे ०.३१. तुमची किट लेन्स वस्तू तिच्या खऱ्या आकाराच्या साधारण एक तृतीयांश एवढी सेन्सरवर उतरवते.

खऱ्या अर्थानं मॅक्रो म्हणतात ती लेन्स १:१ गाठते. म्हणजे १० मिमीचा किडा सेन्सरवरही १० मिमीचाच पडतो आणि फुल फ्रेमवर मोजपट्टीच्या फक्त ३६ रेघा चौकट भरून टाकतात. आता पोर्ट्रेट लेन्सचं बघू. ८५ मिमी एफ/१.८ प्रकारच्या लेन्स (एफचा आकडा लेन्सच्या छिद्राचा, म्हणजे अपर्चरचा; तो जितका लहान, तितकं छिद्र मोठं आणि उजेड जास्त) साधारण ८० ते ८५ सेंमीपेक्षा जवळ फोकस करत नाहीत आणि त्यांचं मॅग्निफिकेशन ०.१२ ते ०.१३ एवढंच असतं. याचा अर्थ डोळ्यांसमोर आणायचा तर ए-४ कागद आडवा धरा. फुल फ्रेमवर ८५ मिमी लेन्स जास्तीत जास्त जवळ गेली तरी चौकटीत जवळपास त्या कागदाची पूर्ण लांबी येते. त्या कागदावर एक अंगठी ठेवून बघा, ती किती लहान दिसते!

पोर्ट्रेट लेन्स घेतली की छोट्या वस्तूंच्या बाबतीत तुम्ही किट लेन्सपेक्षाही मागे जाता. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणून लेन्स नवी आली तरी किट लेन्स विकून टाकू नका.

या पायरीवर प्रश्न असा विचारा: मला चौकट भरून हवी असलेली सर्वांत लहान गोष्ट किती मिलिमीटरची आहे? उत्तर दहा सेंटिमीटर असेल तर मॅक्रो लागत नाही, बऱ्याच किट लेन्स तेवढं करतात. तीन-चार सेंटिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर लागते.

## ३. खोली मोजा

आता टेप घ्या. ज्या खोलीत किंवा जागेत तुम्ही माणसांचे सर्वांत जास्त फोटो काढता, तिथं तुमच्या पाठीपासून समोरच्या माणसापर्यंत जास्तीत जास्त किती अंतर मिळतं ते मोजा.

कॅमेरा उभा धरला तर साधारण हिशेब असा बसतो. डोकं आणि खांदे हवे असतील, म्हणजे चौकटीची उंची ६० सेंमीच्या आसपास, तर फुल फ्रेमवर ८५ मिमीला दीड मीटर आणि १०० मिमीला पावणेदोन मीटर लागतात. फार फरक नाही. पूर्ण उभं माणूस डोक्यावर-पायाखाली थोडी जागा ठेवून घ्यायचं असेल तर ८५ मिमीला पावणेपाच ते पाच मीटर, १०० मिमीला जवळपास पावणेसहा. क्रॉप कॅमेऱ्यावर हेच आकडे दीडपट होतात. पूर्ण माणसासाठी ८५ मिमीला सात मीटरच्या पुढे आणि १०० मिमीला साडेआठ मीटर. आणि ही फक्त तुमच्यापासून माणसापर्यंतची अंतरं झाली. मागची भिंत लांब ठेवायला आणखी जागा लागते ती वेगळीच.

क्रॉप कॅमेरावाल्यांसाठी हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे. "८५ मिमी म्हणजे पोर्ट्रेट लेन्स" हे वाक्य फुल फ्रेमसाठी आहे. क्रॉपवर ८५ मिमीतून फुल फ्रेमच्या जवळपास १२८ मिमीएवढाच भाग दिसतो. घरातल्या पोर्ट्रेटसाठी क्रॉपवर ५० ते ५६ मिमी बघा, आणि मॅक्रोकडून पोर्ट्रेटही करून घ्यायची असतील तर ६० मिमीच्या आसपासची मॅक्रो बघा. तुमच्याकडे १८-५५ मिमी किट लेन्स असेल तर ती आठवडाभर ५५ वर ठेवा आणि झूमला हातच लावू नका. जमतंय का, हे आठवड्यात कळेल.

चेहऱ्याच्या ठेवणीबद्दल एक गैरसमज इथंच दूर करतो. नाक मोठं दिसणं, कान मागे जाणं हे लेन्समुळे घडत नाही, तुम्ही किती जवळ उभे आहात त्यावर ते ठरतं. दीड मीटरवरून ८५ मिमी पोर्ट्रेट लेन्सनं घ्या किंवा ९० मिमी मॅक्रोनं, चेहऱ्याची ठेवण तीच येते. या बाबतीत मॅक्रो कुठेही कमी पडत नाही.

## ४. उजेड आणि मागचं विरघळणं

पोर्ट्रेट लेन्सचा जन्मच उजेडासाठी झाला. १८४० मध्ये योझेफ पेट्झवाल यांनी पोर्ट्रेटसाठी लेन्स आखली ती एफ/३.६ ची. त्याआधी माणसाला कॅमेऱ्यासमोर मिनिटं मिनिटं निश्चल बसावं लागे, ते त्या लेन्सनं कमी झालं. आजही गोष्ट तीच आहे, फक्त आकडे बदललेत. पोर्ट्रेट लेन्स एफ/१.८, एफ/१.४, क्वचित एफ/१.२ पर्यंत उघडतात. मॅक्रो बहुतेक एफ/२.८ वर थांबतात.

कागदावर १.८ आणि २.८ शेजारी वाटतात. प्रकाशात मोजलं तर एफ/१.८ मधून एफ/२.८ च्या जवळजवळ अडीचपट उजेड आत येतो, आणि एफ/१.४ मधून चौपट. ज्या खोलीत मॅक्रोला १/१२५ शटर स्पीडसाठी आयएसओ ६४०० लागायचा, तिथं ८५ एफ/१.८ ला २५०० च्या आसपास पुरतो. चेहऱ्याच्या कातडीवर हा फरक लगेच जाणवतो.

"पण मॅक्रोत स्टॅबिलायझर असतो ना?" असतो, बऱ्याच लेन्समध्ये. तो तुमचा हात स्थिर करतो. समोरचं मूल मान वळवतंय, ते थांबवणं त्याच्या हातात नाही. त्यासाठी शटरच वेगवान लागतं, आणि शटरला उजेड लागतो.

आता मागच्या धूसरपणाकडे येऊ. यासाठी मी एक साधा भागाकार वापरतो. फोकल लेन्थ भागिले अपर्चरचा आकडा. ८५ एफ/१.४ ला ६१ मिमी, ८५ एफ/१.८ ला ४७, १०० एफ/२.८ मॅक्रोला ३६, ९० एफ/२.८ मॅक्रोला ३२, आणि ५० एफ/१.८ ला २८. या आकड्याचा अर्थ फार सुंदर आहे. माणसाची चौकट सारखीच ठेवली, तर खूप दूर मागे असलेल्या दिव्याचं धूसर वर्तुळ चेहऱ्याच्या मापानं साधारण तेवढ्याच मिलिमीटरचं दिसतं. माणसाचा डोळा एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सुमारे ३० मिमी असतो. म्हणजे १०० मिमी मॅक्रोनं काढलेल्या चेहऱ्यामागे लांबचा दिवा डोळ्यापेक्षा किंचित मोठा दिसेल, ८५ एफ/१.८ मध्ये दीड डोळ्याएवढा, आणि ८५ एफ/१.४ मध्ये दोन डोळ्यांएवढा. याच यादीत बघा, पुष्कळांची पहिली पोर्ट्रेट लेन्स असलेली ५० एफ/१.८ या बाबतीत मॅक्रोच्याही खाली आहे.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. डोकं-खांद्यांच्या फोटोत ८५ मिमी एफ/१.८ ला उघडी ठेवली तर नीट फोकसमध्ये येणारा थर जेमतेम ३ सेंमीचा असतो. चेहरा जरा तिरका असला की जवळचा डोळा स्पष्ट आणि लांबचा मऊ. म्हणून अशा फोटोंत मी स्वतः पुष्कळदा एफ/२.५ किंवा २.८ वर येतो. आणि तिथं आलो की मॅक्रो आणि पोर्ट्रेट लेन्समध्ये फारसं काही उरत नाही. चेहरा भरून घेणाऱ्यांना मॅक्रो पुरेशी वाटते ती यामुळेच. तुम्हाला कमरेपासून वरचे किंवा पूर्ण उभ्या माणसांचे फोटो आवडत असतील, तर चौकट मोठी होत जाते तशी मॅक्रोत मागची झाडं, खिडक्या ओळखू यायला लागतात. तिथं मोठं अपर्चर स्पष्टपणे सरस ठरतं.

## ५. फोकसचा वेग

मॅक्रो लेन्सला क्षितिजापासून थेट ३० सेंमीपर्यंत फोकस सरकवावा लागतो. आतल्या काचांचा प्रवास लांब. कमी उजेडात निशाणा हुकला की ती सगळा प्रवास जाऊन-येऊन करते. तो एक-दोन सेकंदांचा "हंटिंग"चा काळ म्हणजे गेलेला क्षण.

यावर उपाय लेन्सवरच असतो, फोकस लिमिटरचं बटण. उदाहरणार्थ, कॅननच्या ईएफ १०० मिमी एफ/२.८ एल मॅक्रोवर तीन जागा आहेत: पूर्ण पल्ला, ०.३ ते ०.५ मीटर, आणि ०.५ मीटरपासून अनंतापर्यंत. माणसं टिपताना तिसरी जागा ठेवा, हंटिंग बरंच कमी होतं. काम झालं की बटण पूर्ण पल्ल्यावर परत आणायची सवय लावा. बटण जवळच्या टप्प्यावर राहून गेलं की दुसऱ्या दिवशी समोरच्या माणसावर फोकसच बसत नाही आणि लेन्स बिघडली असं वाटून पोटात गोळा येतो.

नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांवर डोळा ओळखून फोकस धरणारी यंत्रणा मॅक्रोलाही खूप मदत करते. जुन्या डीएसएलआरवर, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्यांवर, तफावत जास्त जाणवते. त्यामुळे विकत घेण्याआधी तुमच्याच कॅमेऱ्यावर लावून, कमी उजेडात, चालत येणाऱ्या माणसावर एकदा बघाच.

## ६. मॅक्रोत काय मेहनत आहे, ते आधी समजून घ्या

पोर्ट्रेट लेन्स पहिल्या दिवशी आनंद देते. मॅक्रोचा पहिला दिवस बहुधा निराशेचा असतो, आणि कारण माहीत नसेल तर माणूस लेन्सलाच दोष देऊन ती कपाटात ठेवतो.

सकाळी गवताच्या पात्यावर दवाचा थेंब आहे. तुम्ही गुडघ्यावर बसता, १:१ पर्यंत जाता. एफ/८ ठेवलंय. तरीही या अंतरावर स्पष्ट दिसणारा थर साधारण १ मिलिमीटरचा आहे, नखाच्या जाडीच्या जेमतेम दुप्पट. थेंबाची पुढची कड धरली तर आतलं उलटं प्रतिबिंब मऊ होतं, प्रतिबिंब धरलं तर कड सुटते. तुमचा श्वास आत जातो तेवढ्यानंही फोकस थेंबाच्या पलीकडे निघून जातो. वाऱ्याची झुळूक आली की पातंच चौकटीबाहेर.

इथं ऑटोफोकसच्या मागे लागू नका. अंतर पक्कं करा, फोकस मॅन्युअलवर टाका आणि कोपर गुडघ्यावर टेकवून संपूर्ण शरीर केसभर पुढे-मागे झुलवत, थेंबाची कड लखलखली की शटर दाबा. चार-पाच फोटोंची सलग मालिका घ्या. मी एका थेंबाचे तीस-चाळीस फोटो घेतो तेव्हा कुठे एक-दोन ठेवण्यासारखे मिळतात.

शिवाय जवळ गेल्यावर उजेड घटतो. १:१ ला लेन्सवरचं एफ/२.८ प्रत्यक्षात एफ/५.६ च्या आसपास वागतं, एफ/८ हे एफ/१६ सारखं. काही कॅमेरे हा बदललेला आकडा स्क्रीनवर दाखवतात, काही दाखवत नाहीत. म्हणूनच थर वाढवायला एफ/१६, एफ/२२ पर्यंत जाण्याचा मोह आवरा. १:१ ला तिथं डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळाच फोटो मऊ पडतो. मी एफ/८ ते एफ/११ मध्ये राहतो, आणि त्याहून जास्त थर हवा असेल तर फोकस थोडा थोडा सरकवत काढलेले अनेक फोटो एकत्र करतो. त्यासाठी ट्रायपॉड आणि न हलणारा विषय लागतो.

आणखी एक आकडा वाचताना फसू नका. लेन्सच्या माहितीत "किमान फोकस अंतर ३० सेंमी" लिहिलेलं असतं, पण ते सेन्सरपासून मोजतात. कॅमेऱ्याची जाडी आणि लेन्सची लांबी वजा केली की १०० मिमी मॅक्रोच्या पुढच्या काचेपासून विषयापर्यंत १३-१४ सेंमी उरतात. ६० मिमीला त्याहूनही कमी. फुलासाठी ते चालतं. चतुर किंवा फुलपाखरू मात्र तेवढ्या जवळ गेल्यावर उडून जातं, आणि लेन्सची सावली पडते ती वेगळी. कीटक हाच तुमचा विषय असेल तर ९० मिमीच्या खाली उतरू नका. सोबत फ्लॅश आणि त्यावर लावायला पांढरा डिफ्यूझर यांच्यासाठीही पैसे राखून ठेवा.

हे वाचून घाबरला नसाल, उलट उद्या पहाटे उठून बघावं असं वाटलं असेल, तर तुमचं उत्तर बहुधा मॅक्रो आहे.

## ७. "मॅक्रो फार शार्प असते, चेहरे खराब दिसतात"

हे ऐकून मॅक्रो टाळू नका. आजच्या चांगल्या पोर्ट्रेट लेन्सही तितक्याच शार्प असतात. चेहऱ्यावरची छिद्रं ठळक होतात ती बाजूनं येणाऱ्या कडक प्रकाशानं. खिडकीला पातळ पांढरा पडदा लावा, त्याच लेन्समधून त्वचा मऊ येते. फोटोतला शार्पनेस नंतर कमीही करता येतो, मुळात नसलेला आणता येत नाही.

मॅक्रो आणि पोर्ट्रेट एकाच लेन्सनं करण्याचा विचार तसा नवा नाही. टॅमरॉननं १९७९ मध्ये आणलेली ९० मिमी एफ/२.५ मॅक्रो अर्ध्या आकारापर्यंतच, म्हणजे १:२ पर्यंत जायची, पण चेहऱ्यांसाठीही तिचं फार नाव झालं.

## ८. मधले मार्ग

पोर्ट्रेट लेन्स घेतली आणि कधीमधी जवळ जायचंय, तर एक्सटेन्शन ट्यूब आहेत. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी पोकळ नळी, तिच्यात काच नसते. हिशेब सोपा: नळीची लांबी भागिले फोकल लेन्थ, एवढं मॅग्निफिकेशन वाढतं. ८५ मिमीवर ३६ मिमीची नळी लावली तर ०.४२ ची भर, मूळचं ०.१२ धरून अर्ध्याच्या थोडं पुढे. १२, २० आणि ३६ अशा तिन्ही लावल्या तर जवळपास ०.९. नळी लावलेली असताना लांबचं काहीही फोकसमध्ये येत नाही, आणि पोर्ट्रेट लेन्स या अंतरासाठी घडवलेली नसल्यामुळे कडांना मऊपणा येतो. विद्युत संपर्क नसलेली नळी घेऊ नका. तिच्यात ऑटोफोकस तर जातोच, शिवाय अपर्चरही कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही.

लेन्सच्या पुढे फिरवून बसवायची क्लोज-अप लेन्स हा दुसरा मार्ग. लेन्स अनंतावर असताना +४ डायॉप्टरची (चष्म्याच्या नंबरासारखं हे काचेच्या ताकदीचं माप) काच ८५ मिमीवर साधारण ०.३४ देते. घेताना तुमच्या लेन्सच्या फिल्टरचा व्यास बघा, आणि दोन काचा जोडून केलेली घ्या. एकेरी काचेत कडांना रंगीत किनारी दिसतात.

तिसरा मार्ग मला मनापासून आवडतो: अर्धी मॅक्रो. कॅननची आरएफ ८५ मिमी एफ/२ ही ०.५ पर्यंत जाते, म्हणजे फुल फ्रेमवर ७२ मिमी रुंदीची गोष्ट चौकट भरते. फुलं, दागिने, लहान बाळाचा तळवा, या सगळ्याला एवढं पुरतं आणि एफ/२ मुळे माणसांसाठीही उजेड मिळतो. मुंगीच्या डोळ्यापर्यंत जायचं नसेल तर तुमच्या माउंटला (कॅमेऱ्यावर लेन्स जिथं बसते त्या जोडणीला) अशी काही लेन्स आहे का, ते आधी शोधा.

## ९. पेटीवरचं नाव वाचताना

कितीतरी झूम लेन्सवर "मॅक्रो" छापलेलं असतं आणि आकडा बघावा तर ०.२५ किंवा ०.३. नाव सोडा, माहितीपत्रकात "कमाल मॅग्निफिकेशन" शोधा. १.० किंवा १:१ असेल तरच पूर्ण मॅक्रो. निकॉन आपल्या मॅक्रो लेन्सना "मायक्रो" म्हणते, ती वेगळी जात नव्हे.

जुनी लेन्स घेताना तिची फोकस मोटर कुठे आहे ते बघा. निकॉनच्या एएफ-डी प्रकारच्या लेन्समध्ये मोटर नसते, ती कॅमेऱ्यात लागते, आणि डी३००० किंवा डी५००० मालिकेतल्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत ती नसते. त्या लेन्स अशा कॅमेऱ्यांवर हातानंच फोकस कराव्या लागतात.

## १०. आता ठरवा

मोजमापं हातात असली की निर्णय अवघड राहत नाही. फसलेले फोटो मुख्यतः घरातल्या, हलत्या माणसांचे असतील, तर पोर्ट्रेट लेन्स घ्या आणि "दोन्ही कामं होतील" या शब्दांना भुलू नका. सर्वांत लहान विषय तीन-चार सेंटिमीटरच्या आत असेल तर मॅक्रोच घ्या. पोर्ट्रेट लेन्सला नळ्या जोडून तुम्ही तिथवर पोहोचाल, पण दर वेळी काढ-घाल करताना वैतागून जाल.

दोन्ही ढीग सारखेच निघाले आणि माणसांचे फोटो बहुतेक दिवसा, बाहेर, चेहरा भरून काढत असाल, तर मॅक्रो. चेहऱ्याच्या फोटोत मॅक्रो पोर्ट्रेट लेन्सच्या बरीच जवळ जाते, पोर्ट्रेट लेन्सला मात्र नळ्यांशिवाय थेंबापर्यंत जाताच येत नाही.

अजूनही घोळ असेल तर दोन्ही लेन्स एकेक दिवस भाड्यानं किंवा ओळखीच्या कुणाकडून घ्या, आणि ज्या खोलीची टेप घेतली होती त्याच खोलीत वापरा.

## ११. लेन्स हातात आल्यावर

सेकंडहँड असेल तर दोन्ही झाकणं काढा, अपर्चर पूर्ण उघडा आणि मागून टॉर्च मारून तिरक्या कोनातून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा म्हणजे बुरशी, सगळीकडे सारखं धुकट दिसलं तर आतल्या काचेवर थर. दोन्हींपैकी काही असेल तर परत करा. एक-दोन धुळीचे कण असले तर चिंता नको, फोटोत ते दिसत नाहीत. अपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक नसावी.

मग नवी असो की जुनी, मोजपट्टी पुन्हा टेबलावर ठेवा आणि परत करायची मुदत संपण्याआधी तोच पहिला फोटो नव्या लेन्सनं काढा. १:१ मॅक्रो असेल तर फुल फ्रेमवर ३६ रेघा आणि क्रॉपवर २२ ते २४ दिसायला हव्यात. जास्त दिसल्या तर आधी लिमिटरचं बटण कुठल्या टप्प्यावर आहे ते बघा. पोर्ट्रेट लेन्स असेल तर मोजपट्टी तिरकी ठेवा, एफ/१.८ ला मधल्या एका रेघेवर फोकस करा आणि तीच रेघ सर्वांत स्पष्ट आली का, की पुढची-मागची, हे स्क्रीनवर मोठं करून तपासा. डीएसएलआर असेल आणि दर वेळी एकाच बाजूची रेघ स्पष्ट येत असेल, तर कॅमेऱ्याच्या मेन्यूत फोकस सूक्ष्मपणे जुळवायची सोय आहे का ते शोधा. नसेल तर लेन्स बदलून मागा.